बिनतारी हेलिकॉप्टर : पेट्रोलचे की विजेचे?



परवा विदर्भातल्या एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. विज्ञान-प्रदर्शनासाठी वर्गणी जमवून तिथल्या मुलांनी एक बिनतारी हेलिकॉप्टर विकत घ्यायचे ठरवले होते. बिनतारी म्हणजे ज्याला तार नाही, दोरी नाही. हातातल्या पेटीवरच्या दोन दांड्या हलवायच्या आणि रेडिओच्या लहरींवरून वर हुकूम पाठवायचे, असे हातभर लांबीचे यंत्र. पैसे जमले होते, पण एकमत होत नव्हते. निम्मा वर्ग म्हणत होता, पेट्रोलवर चालते तेच खरे हेलिकॉप्टर. आवाज नाही, धूर नाही, तर ते हेलिकॉप्टर कसले? उरलेला निम्मा म्हणत होता, चार्जिंगचे घ्या; बॅटरी लावली की उडाले. गुरुजींनी हा वाद माझ्या गळ्यात घातला आणि स्वतः हजेरी मांडायला निघून गेले.

मुलांना मी उत्तर दिले. ते काय दिले, हे पुढे सांगणारच आहे. पण व्हरांड्यात भिंतीला टेकून एक गृहस्थ उभे होते. त्या मुलांपैकीच एकाचे वडील, कापूसवाले शेतकरी. पोरांचा गलका ओसरल्यावर ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "याचंच मोठं यंत्र येते म्हणतात फवारनीचं. ते माह्या पाठीवरचा पंप उतरवन काय जी?"

या प्रश्नाला उभ्याउभ्या उत्तर देणे मला जमले नाही. कारण मुलांचा प्रश्न आणि बापाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हते. पेट्रोल की वीज, हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा निकाल कसा कसा फिरत गेला हे कळल्याशिवाय त्या गृहस्थांना हो किंवा नाही म्हणता येत नाही. म्हणून आज ती कथा आपल्यापुढे मांडतो.

बैलगाडीने बाजाराला निघालेल्या माणसाने शिदोरीत चार भाकरी जास्त बांधल्या, तर बैलांना त्याचे काही वाटत नाही. नावेचेही तसेच, ओझे पाणी तोलून धरते. उडणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी. ते जी शिदोरी घेऊन वर जाते, ती शिदोरी उचलून धरण्यातच तिच्यातला बराच भाग खर्ची पडतो. आणि उडणाऱ्या यंत्रांतही हेलिकॉप्टर सर्वांत खादाड. तुम्ही रानात पाहिलेच असेल : घार पंख पसरून तास तास गिरक्या घेते, पंख हलवतसुद्धा नाही. उलट तळ्यावरचा कवड्या खंड्या मासा हेरण्यासाठी एका जागी फडफडत थांबतो, पण किती वेळ? थोडा वेळ, मग सूर तरी मारतो, नाही तर फांदीवर जाऊन बसतो. विमान हे घारीच्या जातीचे, हेलिकॉप्टर खंड्याच्या जातीचे. हवेत एका जागी उभे राहायचे तर क्षणोक्षणी शक्ती खर्चावी लागते. तेव्हा हेलिकॉप्टरची सारी कथा ही शिदोरीच्या वजनाची कथा आहे, असे म्हटले तरी चालेल.

शिक्षकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपण 'हेलि' आणि 'कॉप्टर' असे या शब्दाचे दोन तुकडे पाडतो, ते चूक आहे. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखे पीळदार आणि 'प्टर' म्हणजे पंख, असे हे दोन ग्रीक शब्द आहेत. पाँतों दामेकूर नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८६० नंतरच्या एक-दोन वर्षांत हा शब्द बनवला. त्यांनी वाफेवर चालणारे एक लहानसे हेलिकॉप्टरही बनवले. अॅल्युमिनियम त्या काळी मोठी महाग धातू होती, तरी वजन वाचावे म्हणून ती वापरली. पण ते यंत्र स्वतःचे ओझे उचलून वर काही गेले नाही. शब्द मात्र राहिला.

यानंतर १८७७ साली इटलीत मिलान शहरी एन्रिको फोर्लानिनी नावाच्या इंजिनियराने एक युक्ती केली. त्याचेही यंत्र वाफेचेच. पण त्याने विचार केला, भट्टी आणि कोळसा बरोबर कशाला न्यायचा? त्याने एका गोळ्यात पाणी भरून ते जमिनीवरच खूप तापवले आणि गोळा विस्तवावरून काढून यंत्र सोडून दिले. गोळ्यात कोंडलेल्या वाफेवर पंखे फिरले आणि साडेतीन किलोचे ते यंत्र सुमारे १३ मीटर उंच चढून वीसएक सेकंद हवेत राहिले. म्हणजे दोन मजली घराच्या दुप्पट उंची. आग जमिनीवर राहिली आणि यंत्र वर गेले, ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवा. आपल्या कथेत ती पुन्हा येणार आहे.

दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, पॅरिसच्या ग्युस्ताव्ह त्रूव्हे याने तीच युक्ती विजेच्या बाबतीत केली. त्याने विजेच्या मोटारीचे छोटे हेलिकॉप्टर केले, पण वीज पुरवणारे साहित्य खालीच ठेवले आणि तारेतून वीज वर नेली. यंत्र उडाले, परंतु तारेला बांधलेल्या पतंगासारखे. तार तोडली की खाली.

याच युक्तीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्दैवी रूप पहिल्या महायुद्धात पाहायला मिळाले. त्या युद्धात शत्रूच्या तोफा टेहळण्यासाठी दोरीला बांधलेले मोठाले फुगे आकाशात सोडीत. फुग्यात हायड्रोजन भरलेला. आग लावणारी गोळी लागली की पेट घेई, आणि टोपलीतल्या माणसाचा जीव धोक्यात येई. म्हणून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातले पेट्रोत्सी, झुरोवेत्स आणि पुढे विमानशास्त्रात जगप्रसिद्ध झालेले थिओडोर फॉन कारमान यांनी फुग्याऐवजी दोरीला बांधलेले हेलिकॉप्टर करायचे योजले. १९१८ च्या मार्चमध्ये त्यांचे पहिले यंत्र उडाले. त्याला चार पंखे होते आणि ते चालवायला १९० अश्वशक्तीची विजेची मोटार होती. वीज जमिनीवरून जाड तारेने जाई. यंत्राने माणसे उचलली. पण युद्धाच्या टंचाईत तांबेसुद्धा धड मिळत नव्हते. थोड्याच उड्डाणांत मोटार जळाली आणि प्रयोग तिथेच थांबला. दुसऱ्या यंत्रात विजेचा नाद सोडून तीन पेट्रोल इंजिने बसवली. ते सुमारे ५० मीटरांपर्यंत चढले. परंतु जूनच्या १० तारखेला अधिकाऱ्यांसमोर प्रयोग चालू असताना कोसळले. काही महिन्यांत युद्ध संपले, ते साम्राज्यही संपले.

म्हणजे पेट्रोल की वीज, हा प्रश्न १९१८ सालीच एकाच मंडळींनी एकाच कामासाठी दोन्ही बाजूंनी तपासला होता. वीज शांत, आटोपशीर, पण तिला जमिनीची नाळ तोडता येत नव्हती. पेट्रोल मोकळे, पण खडखडाटी आणि लहरी. पुढची पन्नास-साठ वर्षे मोकळेपणाच जिंकला.

आता रेडिओकडे वळू. दुरून हुकूम सोडण्याची विद्या मात्र विजेच्याच पोटी जन्मली. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात मधल्या भिंतींतून लहरी पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि बारूदही उडवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान होडी बिनतारी हुकुमाने फिरवली. ती होडी बॅटरीवर चालत होती. होडीला बॅटरी जड झाली नाही, कारण मघाशी म्हटल्याप्रमाणे ओझे पाण्यावर होते. हवेत तसा सोबती नाही.

म्हणून हौशी लोकांची बिनतारी विमाने आली ती इंजिनाची. अमेरिकेत गुड आडनावाच्या दोघा भावांनी १९३७ मध्ये आपले विमान रेडिओने चालवले. १९४७ मध्ये रे आर्डेन यांनी 'ग्लो प्लग' बाजारात आणला. हा एक प्लॅटिनमच्या तारेचा इवलासा दिवा असतो. सुरुवातीला बॅटरी लावून तो तापवायचा, पुढे इंजिन चालू झाले की मिथेनॉलच्या वाफेने तो आपोआप धगधगत राहतो. ठिणगी पाडणारी जड सामग्री नको झाली आणि मुठीत मावेल असे इंजिन झाले. त्याचे इंधन म्हणजे पेट्रोल नव्हेच बरं का! ते मिथेनॉल, त्यात थोडे नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून चक्क एरंडेल. आपल्या आजीच्या बाटलीतले एरंडेल या यंत्रांनी वर्षानुवर्षे पोटात घेतले. आज त्याच्या जागी बरेचदा कृत्रिम तेल असते.

विजेचा पक्षही अगदी गप्प नव्हता. १९५७ च्या ३० जूनला इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी चांदी-जस्ताच्या बॅटरीवर एक बिनतारी विमान उडवले. विजेवरच्या बिनतारी उड्डाणाची ही पहिली पक्की नोंद मानतात. पण ते विमान होते, घारीच्या जातीचे. हेलिकॉप्टर अजून दूर होते.

खरे सांगायचे तर बिनतारी हेलिकॉप्टर कुठल्याच शक्तीवर जमत नव्हते. मोठा पंखा एका बाजूला फिरला की खालचे धड उलट्या बाजूला गरगरते. ते थोपवायला शेपटीवर लहान पंखा. वाऱ्याची झुळूक आली की सगळाच तोल जातो. पश्चिम जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांनी हे कोडे चिकाटीने सोडवले. मोठ्या पंख्याला काटकोनात एक आडवी दांडी आणि तिच्या टोकांना छोटी पाती बसवून त्यांनी पंख्याचा चळ बांधला. १९७० मध्ये त्यांचे हेलिकॉप्टर मनाजोगते उडू लागले, आणि थोड्याच वर्षांत त्यांचे सुटे भाग पेट्यांतून विकत मिळू लागले. ते इंधनाचे होते. दुसरे काही शक्यच नव्हते.

का शक्य नव्हते, याचा हिशेब आपण लाइट-बिलाच्या भाषेत मांडू. शिक्षकांनी तो फळ्यावर करून दाखवावा. एक किलो मिथेनॉलमध्ये सुमारे साडेपाच युनिटांची शक्ती साठवलेली असते. लहान इंजिन तिच्यातली बहुतेक उष्णतेत उधळून टाकते. दहावा हिस्सा पंख्यापर्यंत पोचला असे धरू. म्हणजे हाती राहिले अर्धे युनिट. आता त्या काळची निकेल-कॅडमियमची बॅटरी घ्या. एक किलो बॅटरीत एका युनिटाचा जेमतेम विसावा भाग. मोटार कितीही काटकसरी असली तरी इंधन दसपट पुढे! अशा शर्यतीत वीज उभी कशी राहणार? १९८०-९० च्या काळात विजेची बिनतारी हेलिकॉप्टरे काही लोकांनी केली, विकलीही. पण चार-पाच मिनिटांत त्यांचा दम संपे.

मग पारडे फिरले कसे? गंमत अशी, की फिरवणाऱ्यांच्या मनात हेलिकॉप्टर नव्हतेच. लोकांना खिशात मावणारा टेलिफोन आणि हातात धरता येणारा कॅमेरा हवा होता. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि जपानचे योशिनो यांच्या कित्येक वर्षांच्या संशोधनातून लिथियमची बॅटरी उभी राहिली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये त्या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिकडे १९८२ च्या सुमारास जपानमध्ये आणि अमेरिकेत निओडिमियम या धातूपासून असे लोहचुंबक बनले, की त्यांच्या जोरावर अंगठ्याएवढी मोटार पूर्वीच्या मुठीएवढ्या मोटारीचे काम करू लागली. घासणाऱ्या ब्रशांची गरजही गेली. या सगळ्याचा फायदा हौशी लोकांनी उचलला. २००० च्या सुमारास विजेची लहान हेलिकॉप्टरे खोलीत उडू लागली, आणि २००४ च्या सुमारास तैवानचे 'टी-रेक्स ४५०' निघाले तेव्हा इंधनवाल्यांचेही डोळे तिकडे वळले.

मघाचा हिशेब आता पुन्हा करा. लिथियमच्या एक किलो बॅटरीत युनिटाचा सहावा-सातवा हिस्सा. मोटारीत फारसे वाया जात नाही, म्हणून पंख्यापर्यंत आठवा हिस्सा तरी पोचतो. इंधनाचे अर्धे युनिट अजून चौपट आहेच. म्हणजे वजनाच्या तराजूवर इंधन आजही जिंकते! तरीही हौशी माणसाने वीज का पत्करली? कारण दसपटीचे अंतर चौपटीवर आले, आणि उरलेले अंतर त्याने दुसऱ्या सुखांवर सोडून दिले. इंधनाचे हेलिकॉप्टर उडवायचे म्हणजे एक संसारच बरोबर न्यावा लागे : इंधनाचा डबा, हातपंप, प्लग तापवायची बॅटरी, इंजिन फिरवायचा स्टार्टर. थंडीत एक मापाने इंधन सोडा, उन्हात दुसऱ्या मापाने. जरा चुकले की इंजिन हवेतच बंद. घरी आल्यावर अंगभर माखलेले तेल पुसत बसा. ज्यांनी ते केले त्यांना त्या वासाची आणि आवाजाची अजून ओढ वाटते, आणि मला त्यांचे हसू येत नाही. बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला माणूसही गोठ्यापाशी घटकाभर उभा राहतोच की.

त्या शाळेतल्या मुलांना मी विजेचे घ्या म्हणून सांगितले, आणि कारण वजनाचे दिले नाही. मिथेनॉल हे विष आहे. विषारी दारूच्या बातम्या आपण वाचतो, त्यांत डोळे आणि प्राण घेणारे ते हेच. शाळेच्या कपाटात त्याचा डबा नको. पण विजेची बाजूही निर्दोष नाही, हेही बजावले. लिथियमची बॅटरी ठेचली, फुगली किंवा वाजवीपेक्षा जास्त चार्ज केली तर पेटते, आणि पेटली तर सहजी विझत नाही. रात्री चार्जिंगला लावून झोपायचे नाही; मातीच्या कुंडीत ठेवून, नजरेसमोर चार्ज करायची. आणि पाती कोणत्याही शक्तीवर फिरोत, ती कोयत्याची धार समजायची. लहानातले लहान घ्या, २५० ग्रॅमांच्या आतले; २०२१ च्या ड्रोन-नियमांतही सर्वांत हलका वर्ग तोच आहे. पोरे थोडी हिरमुसली. धूर हवा होता त्यांना.

मंगळावरसुद्धा या वादाचा निकाल लागला आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी 'इंजेन्युइटी' नावाचे १.८ किलोचे हेलिकॉप्टर तिथे उडाले. तिथे इंजिनाचा विचारच नको, कारण इंधन जाळायला हवेत प्राणवायू नाही. सूर्यप्रकाशावर बॅटरी भरायची आणि उडायचे. रेडिओ-लहरींनाही पृथ्वीवरून तिथे पोचायला कित्येक मिनिटे लागतात, म्हणून दांड्या हलवून ते चालवता येत नव्हते. हुकूम आधी पाठवायचे, मग ते आपले आपण उडे. पाच उड्डाणांच्या अपेक्षेने गेलेल्या त्या यंत्राने जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली. असो. आपल्याला शेतात परतायचे आहे.

शेतातला निकाल आधी इंधनाच्या बाजूने लागला होता, आणि तो योग्यच होता. जपानच्या खेड्यांतून तरुण मंडळी शहरात गेली आणि भाताची खाचरे म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर पडली. फवारणीला माणूस बसलेली मोठी हेलिकॉप्टरे येत, पण खाचरांच्या मधोमध घरे, शाळा, विजेच्या तारा. तेव्हा जपानच्या शेतीखात्याच्या पुढाकाराने बिनतारी हेलिकॉप्टरचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये यामाहा कंपनीचे 'आर-५०' हे यंत्र तयार झाले. ते २० किलो औषध उचलून नेई. बांधावर उभा राहून एक माणूस ते चालवी. १९९७ मध्ये त्याच्याहून मोठे 'आर-मॅक्स' आले, आणि पुढे अशी हेलिकॉप्टरे जपानभर पसरली. २००० मध्ये उसू ज्वालामुखी भडकला तेव्हा जिथे माणूस पाठवणे धोक्याचे होते, तिथेही हेच यंत्र पाहणी करून आले.

या 'आर-५०' ला विजेची मोटार का बसवली नाही, हेही लाइट-बिलाने सांगता येते. इंजिन सुमारे १२ अश्वशक्तीचे, म्हणजे नऊ किलोवॅट. अर्धा तास चालवायचे तर साडेचार युनिटे. त्या वेळची बॅटरी किलोला युनिटाचा विसावा भाग देणार, म्हणजे नव्वद किलो बॅटरी! वीस किलो औषधासाठी नव्वद किलोची शिदोरी कोण बांधील?

पुढे लिथियम आले आणि त्याबरोबर यंत्राचा आकारच बदलला. आज आपण ज्याला ड्रोन म्हणतो, त्याला एक मोठा पंखा नसतो. चार, सहा, आठ लहान पंखे असतात. १९१८ च्या त्या चार पंख्यांची आठवण झाली ना? पण आता प्रत्येक पंख्याला स्वतःची मोटार असते आणि एक इवलासा संगणक सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येकीचा वेग कमी-जास्त करून तोल सावरतो. पेट्रोलचे इंजिन इतक्या चपळाईने हुकूम पाळू शकत नाही. विजेनेच हे शक्य झाले. त्यामुळे शेपटीचा पंखा गेला, पात्यांचा कोन बदलणारे नाजूक सांधे गेले, दुरुस्ती सोपी झाली आणि शिकायलाही वर्षे लागेनात. २०१५ मध्ये चीनच्या डीजेआय कंपनीने दहा किलो औषध नेणारा असा फवारणी-ड्रोन आणला. भरल्या ओझ्याने तो दहाएक मिनिटे उडे. 'आर-मॅक्स'पुढे दहा मिनिटे म्हणजे काहीच नाही. पण एवढ्यात एक टाकी रिकामी होते, आणि टाकी भरायला खाली यावेच लागते. मग बॅटरीही तेव्हाच बदलायची! खंड्याने फांदीवर बसायला यावे, तसे.

आता त्या कापूसवाल्या भाऊंचा प्रश्न. तो त्यांनी का विचारला, हे विदर्भात कुणाला सांगावे लागत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसे दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. पंधरा-सोळा लिटरांचा पंप पाठीवर, तोंडाला फार तर रुमाल, आणि आपणच उडवलेल्या धुक्यातून आपणच पुढे चालायचे. उंच पिकात फवारा वर धरावा लागतो. तो अंगावरच उतरतो.

तेव्हा भाऊ, पंप तुमच्या पाठीवरून उतरू शकतो, हे खरे. त्या धुक्यातून तुम्हांला चालावे लागत नाही, हा सर्वांत मोठा लाभ. पण तीन गोष्टी पुरत्या समजून घ्या. पाठीवरच्या पंपाला एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला आठ-दहा लिटर. म्हणजे टाकीतले औषध कितीतरी दाट. ते कालवायचे काम अजून माणसाच्याच हातांनी होते. हातमोजे आणि चष्मा तिथे जास्तच हवा. दुसरे असे, की वारा असताना उडवलेले दाट थेंब शेजाऱ्याच्या विहिरीवर, फुलोऱ्यातल्या मधमाश्यांवर जाऊ शकतात. ज्या औषधाला ड्रोनने फवारायची परवानगी आहे, तेच वापरायचे. आणि तिसरी गोष्ट पैशांची. यंत्र लाखांच्या घरात जाते. एकट्याने घेण्याची ही वस्तू नव्हे. बैलजोडी परस्परांत फिरवतात, तसे गावाने मिळून किंवा भाड्याने ते वापरावे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये महिलांच्या बचतगटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' ही योजना काढली, तिच्या मुळाशी हाच विचार होता : यंत्राच्या किमतीचा ८० टक्के भाग, जास्तीत जास्त आठ लाख रुपये, सरकारने द्यायचा आणि गटाने ते भाड्याने चालवायचे. त्या योजनेच्या संचात यंत्राबरोबर चार जादा बॅटरी-संच धरले होते आणि त्यांच्या बळावर दिवसाला २० एकरांपर्यंत फवारणी होईल, असा अंदाज दिला होता. शिदोरी लहान, म्हणून शिदोऱ्या पाच!

गेल्या हंगामात अशी फवारणी मी बांधावर बसून पाहिली. एका बचतगटातल्या बाई यंत्र चालवीत होत्या. डोक्यावर टोपी, नाकतोंडाला मास्क, नजर आकाशाकडे. त्यांची जोडीदारीण रिकाम्या बॅटऱ्या काढून भरलेल्या लावीत होती आणि हातमोजे घालून औषध कालवीत होती. यंत्र पिकावरून सरसर जाई, तासाच्या टोकाला वळे आणि परत येई. आवाज भुंग्यांच्या थव्यासारखा. पण त्याहून मोठा एक आवाज मागून येत होता. शेतात विजेचा खांब नव्हता. बाभळीखाली, लोखंडी टेंपोच्या मागे, पेट्रोलचा जनरेटर धडधडत होता आणि त्याच्यावर तीन बॅटऱ्या एका वेळी चार्ज होत होत्या. धूर बाभळीच्या फांद्यांतून वर जात होता. आग अजून जमिनीवरच होती.